दिवा विझला की माणूस मेला?

सुट्टीत घरी गेलो की रोज रात्री एक तास मला बाबांचा लॅपटॉप मिळतो. त्या तासात मी रोलप्ले लिहितो. आई म्हणते, "झाला का गेम सुरू!" पण या खेळात चित्र नाही, बंदूक नाही, गुणही नाहीत. निरनिराळ्या देशांतली चार-पाच मुले ऑनलाइन भेटून इंग्रजीत एकच गोष्ट लिहितात. प्रत्येकाचे एक पात्र असते. माझ्या पात्राने काय केले ते मी लिहायचे आणि पुढचे दुसऱ्याने. हा प्रकार तसा जुना आहे. १९७८ साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉने 'मड' नावाचा खेळ सुरू केला आणि रिचर्ड बार्टलने तो पुढे वाढवला. तोही नुसत्या शब्दांवर चालायचा.

आमच्या गटाचे नियम आपल्या स्टँडिंग ऑर्डर्ससारखे कडक आहेत. भूतकाळात लिहायचे. दुसऱ्याच्या पात्राला स्वतः मारायचे नाही, पळवायचे नाही. गोष्टीबाहेरचे बोलणे कंसात. मोबाईलवरचे तुटके स्पेलिंग चालणार नाही. पाठवण्याआधी एकदा वाचायचे. काही मित्र म्हणतात, खेळच आहे, त्यात व्याकरण कशाला? मला हे पटत नाही. मैदानावर पास चुकला तर मी हाताने खूण करू शकतो. इथे समोरच्याकडे माझा चेहरा नाही, आवाज नाही, फक्त माझे वाक्य आहे. 'त्याने त्याला ढकलले आणि तो पडला' असे मी लिहिले, तर कोण पडला? पुढच्याने काय लिहायचे?

म्हणून नियम हवेतच. पण ते कशासाठी आहेत, हे मी विसरलो आणि त्याची ही कबुली.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही एका वेढा पडलेल्या किल्ल्याची गोष्ट लिहीत होतो. बुरुजावरचा दिवा विझला, एवढेच मला सांगायचे होते. पण साधे लिहिले तर काय मजा? मी लिहिले, 'द ओल्ड गार्डियन ऑफ द टॉवर ब्रीद्ड हिज लास्ट.' बुरुजाच्या वृद्ध रक्षकाने अखेरचा श्वास घेतला. व्याकरणाची एकही चूक नव्हती. मी खूश होतो.

गटातल्या एका मुलाची मातृभाषा इंग्रजी नव्हती. त्याने कंसात विचारले, 'लॅम्प इज आउट? ऑर मॅन इज डेड?' नेमका प्रश्न होता. त्याला उत्तर द्यायचे सोडून मी सगळ्यांसमोर लिहिले की, आधी 'द' कुठे लावायचा ते शिकून ये. बाकीचे हसले. उत्तर न मिळाल्याने तिसऱ्याने पहारेकऱ्याची अंत्ययात्रा लिहून टाकली आणि गोष्टीचा विचका झाला. तो मुलगा मात्र त्या रात्रीनंतर परत लिहायला आला नाही.

मला जास्त लाज वाटते ती वेगळ्याच कारणाने. सहावीत मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतून इथे आलो. पहिल्या महिन्यात दाढ दुखत होती म्हणून मेसमध्ये सीनियरला म्हणालो, 'माय टीथ इज पेनिंग.' सगळे टेबल हसले. त्यानंतर कितीतरी दिवस मी मेसमध्ये मीठसुद्धा मागितले नाही. ते सगळे आठवत असूनही मी तेच दुसऱ्याला केले.

बाबा सिग्नल्समध्ये आहेत. त्यांना हे सांगितले तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, "वायरलेसवर ऐकू आलं नाही तर आम्ही 'से अगेन' म्हणतो. 'रिपीट' म्हणत नाही, कारण तोफखान्यात त्याचा अर्थ तोच मारा पुन्हा करा असा होतो. आणि 'से अगेन' म्हणणाऱ्याला कुणी हसत नाही. तो विचारतो म्हणून चूक टळते."

इतिहासात आपण बालाक्लाव्हाची लढाई वाचतो. २५ ऑक्टोबर १८५४ रोजी लॉर्ड रॅग्लन उंचावर होते. तिथून त्यांना दिसत होत्या त्या तोफा खाली दरीतल्या घोडदळाला दिसत नव्हत्या. हुकुमात तोफा म्हटले होते, पण कोणत्या ते स्पष्ट नव्हते. सुमारे ६७० स्वार भलत्याच तोफांवर चालून गेले आणि शंभराहून अधिक मेले. लिहिणाऱ्याची आणि वाचणाऱ्याची भाषा इंग्रजीच होती. इंग्रजी चांगले असणे आणि इंग्रजी स्पष्ट असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

माझे मत एवढेच आहे. लिहिण्याचा दर्जा ठेवावा, पण तो मोजताना आधी विचारावे, समजले का? 'लॅम्प इज आउट?' हे समजते. माझे भारी वाक्य समजत नव्हते. चूक दाखवायची असेल तर एकट्याला सांगावी आणि बरोबर काय तेही सांगावे. हे खेळाला लागू आहे, तसेच प्रेपमध्ये सहावीच्या मुलाने इंग्रजीत काही विचारले तर तिथेही लागू आहे. तो आज गप्प बसला तर उद्या न समजलेला हुकूमही तो मुकाट्याने 'येस सर' म्हणून ऐकेल.

या उन्हाळी सुट्टीत मी त्या मुलाला निरोप पाठवला. आधी माफी मागितली. मग लिहिले, 'दिवा विझला आहे. पहारेकरी जिवंत आहे.' हीच दोन वाक्ये तेव्हा लिहायला हवी होती. अजून उत्तर आलेले नाही. त्याचे पात्र आम्ही गोष्टीतून काढलेले नाही.

— एक कॅडेट, इयत्ता दहावी