प्याल्याचे गाणे कोणाचे?

दारूवरचे गाजलेले मराठी गाणे कोणते, हा प्रश्न चारचौघांत टाकून पाहावा. आधी सगळे हसतात. मग कोणी सिनेमातले एखादे गाणे सुचवतो, कोणी लावणी आठवू लागतो आणि पाच-दहा मिनिटांत गाडी 'एकच प्याला'पाशी येऊन थांबते. गंमत अशी की, त्या नाटकातली जी पदे आजही मैफलीत गायली जातात, ती पिणाऱ्याची नव्हेत. ती त्याच्या बायकोची आहेत.

राम गणेश गडकऱ्यांनी हे नाटक लिहिले, पण रंगभूमीवर पाहिले नाही. २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे ते गेले, तेव्हा त्यांचे वय अवघे तेहेतीस होते. त्यानंतर महिन्याभरातच गंधर्व नाटक मंडळीने बडोद्याला पहिला प्रयोग केला. पदे विठ्ठल सीताराम गुर्जरांची. सुधाकर झाले गणपतराव बोडस आणि सिंधू झाले बालगंधर्व. भरजरी शालूंसाठी ज्यांचे नाव, त्या बालगंधर्वांनी इथे ठिगळाचे लुगडे नेसले आणि महाराष्ट्र रडला.

त्याच नाटकात तळीराम आहे आणि त्याचे 'आर्य मदिरा मंडळ'ही आहे. दारूचा निषेध करायला लिहिलेल्या नाटकातला हा मद्यपी प्रेक्षकांना इतका आवडला की, 'तळीराम' हा शब्द बोलीत जाऊन बसला. अजूनही बातमीच्या मथळ्यात तो हसतमुखाने येतो. पिणाऱ्याचा विनोद घरोघर पोचला, त्याच्या घरातल्या माणसाचे दुःख मात्र नाट्यगीतांच्या तबकडीत राहिले. मला हे फारसे बरे वाटत नाही. गडकऱ्यांचा यात दोष नाही. त्यांनी तान्हे मूल, सिंधू आणि सुधाकर असे तिघांचेही मरण दाखवून ठेवले होते. आपण घरी येताना तेवढा तळीराम बरोबर घेऊन आलो.

नाटकात सिंधू लोकांची दळणे दळते. शहरी प्रेक्षकाला तो करुण रसाचा देखावा वाटला असेल. आमच्या उत्रोलीत आणि एकूणच भोर-वेल्ह्याच्या डोंगरात ही रोजची पहाट होती. जात्यावर बसलेली बाई काय गात होती, हे नोंदवण्याचे काम ऐंशीच्या दशकापासून शेजारच्या मुळशीतून हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ या दोघांनी सुरू केले. लाखाहून अधिक ओव्या त्यातून जमल्या आणि २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या ऐकायलाही मिळू लागल्या. माहेर, भाऊ, पंढरी हे विषय ओवीत हमखास यायचेच. पण आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांच्या तोंडून मी घरधन्याच्या बाटलीवरच्या ओव्याही ऐकल्या आहेत. त्यांत रडणे कमी आणि टोमणा जास्त. घरधनी अजून घोरत पडलेला असायचा. दिवसा, सासू-सासऱ्यांसमोर जे बोलता येत नसे, ते जात्याच्या घरघरीत बोलता येई. माझ्या मते मराठीतले दारूचे खरे गाणे हेच. गावात पिठाची गिरणी आली, हातचे दळण सुटले, ते चांगलेच झाले. त्याबरोबर बोलायची ही जागाही गेली.

अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या 'कंट्री' गाण्यांत दारूचा गुत्ता हा देवळाइतकाच महत्त्वाचा. हँक विल्यम्स हा त्या गाण्यांचा महानायक १ जानेवारी १९५३ रोजी मोटारीच्या मागच्या सीटवर मेला, वय एकोणतीस. त्याच वर्षी वेब पिअर्सचे समोरच्या ग्लासला उद्देशून म्हटलेले गाणे पहिल्या क्रमांकावर गेले. पण आदल्याच वर्षी किटी वेल्स या बाईने गुत्त्यातल्या बायकांना नावे ठेवणाऱ्या एका पुरुषी गाण्याला गाण्यानेच उत्तर दिले होते. पुढे १९६७ मध्ये लोरेटा लिन आली. ही केंटकीतल्या खाणकामगाराची मुलगी, नवरा पिणारा. पिऊन येणार असशील तर माझ्याजवळ येऊ नकोस, असे तिने नवऱ्याला भर रेडिओवरून सुनावले आणि तेच तिचे पहिल्या क्रमांकावर गेलेले पहिले गाणे ठरले.

सिंधूला हे म्हणता येत नव्हते. ती पतीचे पाय धरून राहते आणि तेवढ्यासाठी आपण तिला शंभर वर्षे डोळे पुसत टाळ्या दिल्या. स्वर बालगंधर्वांचा, म्हणजे बाईचे दुःख गाणाराही पुरुषच. ती पदे मलाही प्राणप्रिय आहेत, पण त्यांतली सोशिकता आपल्या अंगवळणी पडली, हे नाकारण्यात अर्थ नाही. आता वरातीत डीजेपुढे पोरे 'झिंगाट'वर नाचतात. 'सैराट' २०१६ चा. त्या गाण्यातली झिंग प्रेमाची आहे, दारूची नाही, हे नाचणाऱ्यांपैकी कितीजणांच्या ध्यानात येत असेल कोण जाणे. वरातीत त्यांच्या आया मागे राहतात, हे मात्र मी दर लग्नसराईत पाहतो. कोणाचा पोरगा किती प्यायला, याचा हिशेब त्या गुपचूप करत असतात.

महाराष्ट्रातल्या बाईने नकार दिला तो गाण्यातून नव्हे, मतपेटीतून. गावातले दुकान बंद करण्यासाठी महिलांच्या मतदानाची सोय झाली आणि मतपत्रिकेवर दोन चिन्हे आली, उभी बाटली आणि आडवी बाटली. अक्षरओळख नसलेल्या बाईलाही कळावे, असे हे चित्र. मात्र २००८ च्या नियमाने अट अशी घातली की, झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर गावातल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आडव्या बाटलीला पडली पाहिजेत. आमदार-खासदार निवडून देताना अशी अट नसते. तिथे पडलेल्या मतांत ज्याची जास्त तो जिंकतो. दारूच्या दुकानाला एवढे संरक्षण कशासाठी? त्या दिवशी जी बाई मजुरीला परगावी गेली, जी बाळंतपणाला माहेरी गेली, जिला नवऱ्याने दारातूनच मागे ओढले, त्या सगळ्या उभ्या बाटलीकडे धरल्यासारख्या झाल्या. ही अट मला मान्य नाही. मोजायचीच तर पडलेली मते मोजावीत आणि मतदानाचा दिवस सुगीच्या धांदलीत ठेवू नये.