कपड्यांचा पंचनामा एका ओळीत उरकू नका

‘अनोळखी पुरुष, वय अंदाजे ४० ते ४५, रंग सावळा, बांधा मध्यम, अंगात निळा शर्ट व काळी पँट. नातेवाइकांनी संपर्क साधावा.’ वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर अशा धाटणीचे निवेदन अधूनमधून येते. कुणी रुळांवर सापडलेला असतो, कुणी विहिरीत, कुणी बसस्थानकाच्या कठड्याला टेकून गेलेला. या वर्णनात बसणारी माणसे सोलापूरच्या एसटी स्टँडवर कुठल्याही वेळी डझनभर मिळतील. मग नातेवाइकांनी ओळखायचे कशावरून?

१८७७ साली ‘जुनी मिल’ म्हणून ओळखली जाणारी गिरणी उभी राहिली, तेव्हापासून या शहराचे पोट कापडावर चालते. मिल बंद पडल्या तरी यंत्रमाग, चादरी, टॉवेल आणि गणवेशांचे शिवणकाम चालूच आहे. अशा शहरात मेलेल्या माणसाच्या कपड्यांकडे इतके ओझरते पाहिले जावे, हे खटकणारे आहे. अनोळखी मृतदेहाच्या कपड्यांचा स्वतंत्र, तपशीलवार पंचनामा व्हावा आणि त्यासाठी सोलापूरने आपल्याच कारागिरांचे डोळे वापरावेत, ही मागणी आहे. ती का, हे पुढच्या मुद्द्यांत.

१. ‘निळा शर्ट’ हे वर्णनच नव्हे

तोच शर्ट नीट पाहिला तर काय लिहिता येईल, याचा एक कल्पित नमुना घ्या. आकाशी रंग, त्यावर बारीक पांढरी उभी रेघ. सुती-पॉलिएस्टर मिश्र कापड. कॉलरच्या आत शिंप्याचे लेबल, अक्षरे पुसट, पण गावाचे नाव वाचता येते. वरून तिसरे बटण बाकीच्यांपेक्षा मोठे आणि काळ्या दोऱ्याने लावलेले. उजव्या बाहीची उसवलेली शिवण हाताने टाचलेली. खिशाच्या तळाशी बॉलपेनची शाई ओघळलेली.

ज्या बाईने काळ्या दोऱ्याने ते बटण लावले, तिला एवढे ऐकूनच काय ते कळेल. ‘निळा शर्ट’ वाचून ती पान उलटेल. दोन्ही वर्णने लिहायला लागणाऱ्या वेळात फरक असतो तो दहा-पंधरा मिनिटांचा.

२. गाठीने आणि ठिगळाने ओळख पटल्याचा दाखला आहे

२९ सप्टेंबर १९३५ रोजी स्कॉटलंडमध्ये मॉफॅटजवळच्या एका ओढ्यात दोन स्त्रियांच्या देहांचे तुकडे सापडले. ओळख पटू नये म्हणून चेहरे आणि बोटे विद्रूप केलेली होती. तुकडे ज्यांत गुंडाळले होते, त्यांत वर्तमानपत्राचे कागद होते, एक ब्लाउज होता आणि लहान मुलाचा झबल्यासारखा एक कपडा होता. वर्तमानपत्राची ती खास आवृत्ती लँकेस्टर-मोरकॅम्ब भागापुरतीच वाटली गेली होती. त्यामुळे पोलिसांना गाव मिळाले. ब्लाउजच्या काखेत ठिगळ होते. ते आपणच लावल्याचे बेपत्ता दाईच्या सावत्र आईने सांगितले. मुलाच्या कपड्यातल्या इलॅस्टिकला मारलेली गाठ दुसऱ्या एका बाईने ओळखली, कारण ती तिनेच मारली होती. ती दाई ज्याच्या घरी कामाला होती, तो आरोपी डॉ. बक रक्स्टन हा मुंबईत जन्मलेला आणि तिथेच वैद्यकी शिकलेला पारशी डॉक्टर. मे १९३६ मध्ये त्याला फाशी झाली.

कवटीवर जिवंतपणीचा फोटो जुळवून पाहण्याचे तंत्र वापरल्यामुळे हा खटला न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत गाजला. पण घरापर्यंतची वाट दाखवली ती सुईदोऱ्याने. रक्स्टनने चेहरे बिघडवले, ठिगळाकडे त्याचे लक्षच गेले नाही.

३. कापड वाचणारी माणसे सोलापुरात गल्लोगल्ली आहेत

पूर्व भागातल्या यंत्रमाग कामगाराला कापड हातात दिले की वीण जॅकार्डची की डॉबीची, सूत जाड की बारीक, हे तो बोटाने सांगतो. जुन्या पेठेतल्या कापड दुकानदाराला इरकल आणि नारायणपेठ यांत गल्लत होत नाही. इरकलच्या पदराचे धागे अंगाच्या धाग्यांना फासे घालून जोडतात, तो जोड त्याला लांबूनही ओळखू येतो. खणाच्या चोळीवरून, लमाणी कांचळीच्या भिंगांवरून, कशिद्याच्या टाक्यांवरून बाई अक्कलकोटच्या बाजूची, तांड्यावरची की सीमेपलीकडची, याचा अंदाज बांधणाऱ्या बायका इथे आहेत. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यातला कटिंग मास्टर चौकडा आणि मोनोग्राम पाहून शाळेपर्यंत किंवा निदान ठेकेदारापर्यंत पोहोचवू शकतो.

हे शहर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलते. मुंबईहून चेन्नई, हैदराबाद, बंगळूरकडे जाणाऱ्या गाड्या इथूनच जातात. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, पंढरपूरची आषाढी, कोजागरीला तुळजापूरला पायी जाणारी गर्दी, अक्कलकोटचे भाविक, असा माणसांचा लोंढा वर्षभर वाहतो. इथे दगावलेला माणूस इथलाच असेल असे नाही, आणि म्हणूनच त्याच्या अंगावरचे कापड कुठल्या बाजूचे, हा प्रश्न लवकर विचारायला हवा.

४. कायदा आड येत नाही, उलट वाट देतो

संशयास्पद किंवा अनैसर्गिक मृत्यूचा पंचनामा पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ खाली होत असे. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १९४ लागू झाले. दोन्हींत अपेक्षा तीच आहे: परिसरातील दोन किंवा अधिक प्रतिष्ठित रहिवाशांसमक्ष पोलिसांनी अहवाल करावा. हे पंच कोण असावेत, यावर कायद्याने धंद्याचे बंधन घातलेले नाही. मग दोहोंपैकी एक पंच शिंपी, कापड दुकानदार किंवा शिवणकाम करणारी बाई का नसावी? पोलीस ठाण्यागणिक अशा पाच-सहा जणांची यादी करून ठेवली की झाले.

५. खुणा कमी झाल्या, पण संपल्या नाहीत

‘आता सगळे रेडिमेड घेतात, टेलरचे लेबल मिळते कुठे?’ हा आक्षेप निम्मा खरा आहे. पूर्वी परीट कपड्यावर बिब्ब्याने खूण करीत. बिब्ब्याचा डाग धुऊन जात नाही, म्हणूनच ती खूण तपासाला उपयोगी पडे. आता ती जवळपास दिसत नाही. पण लॉन्ड्रीचे टाचलेले कागद आणि आतल्या बाजूचे मार्करचे आकडे अजून सापडतात. रेडिमेड कपड्याच्या शिवणीत धुण्याच्या सूचनांची पट्टी असते. तिच्यावर माप असते, कंपनीचे नाव असते आणि कित्येकदा मालाचा क्रमांकही असतो. त्यावरून माल कुठल्या व्यापाऱ्याकडे गेला, हे विचारता येते.

त्याहून बोलकी असते दुरुस्ती. कारखान्यातून एकसारखे हजार शर्ट निघतात, पण त्यातला एक कुणाच्या घरी गेला की बाकीच्यांपेक्षा वेगळा होतो. पँटची उंची कमी केलेली, कंबर ढिली केलेली, गुडघ्याला रफू, परकराच्या नाडीला गाठ, साडीला फॉल-पिको, जुन्या लुगड्याचे दोन धड भाग जोडून घातलेला दंड. देह गोधडीत गुंडाळलेला असेल, तर त्या गोधडीत एका घरातल्या दोन-तीन पिढ्यांची लुगडी असतात. तिचा एकेक तुकडा सुटा फोटो काढण्याच्या लायकीचा आहे.

६. कापड फसवतेही, हे माहीत असलेला माणूस सोबत हवा

सोलापुरी चादर सापडली म्हणून मृत सोलापूरचा, असे म्हणणारा तपास पहिल्याच पायरीवर घसरेल. या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, काठात बहुधा कारखान्याचे नावही विणलेले असते, पण ती देशभर विकली जाते. शिंप्याच्या लेबलाचेही तेच. बोहारीण भांड्यांच्या बदल्यात जुने कपडे नेते, ते धुऊन-शिवून बाजारात येतात आणि पुण्याच्या शिंप्याने शिवलेला शर्ट कर्नाटकातल्या ऊसतोड मजुराच्या अंगावर जातो. देणगीत आलेले कपडे, थोरल्याचे धाकट्याला, मालकाचे गड्याला, असे कपडे हात बदलतात.

यात्रेच्या कपड्यांनी आणखी एक अडचण होते. सिद्धेश्वराच्या नंदीध्वजासोबत चालणारे बाराबंदी घालतात, वारकरी पांढऱ्या वेशात असतात. वेशावरून प्रसंग कळतो, माणूस कळत नाही. तिथे खिशातला दिंडीचा कागद, पिशवीचे शिवणकाम आणि चपलेचा अंगठा जास्त सांगतो.

७. कपड्याने शोध लावावा, शिक्का दुसऱ्याने मारावा

आपत्तीतल्या मृतांची ओळख पटवण्यासाठी इंटरपोलने जे निकष घातले आहेत, त्यांत पहिला मान बोटांचे ठसे, दात आणि डीएनए यांना आहे. कपडे आणि दागिने दुय्यम. त्याचे कारण २ जून २०२३ च्या बालासोर रेल्वे अपघातात दिसले. एकेका मृतदेहावर एकाहून अधिक कुटुंबांनी हक्क सांगितला, डीएनए तपासणी करावी लागली आणि अखेर २८ बेवारस देहांवर ऑक्टोबर २०२३ मध्ये भुवनेश्वरात अंत्यसंस्कार झाले. दुःखाने गांगरलेला माणूस चुकीचा शर्टही आपलाच मानतो.

उलट बाजूही आहे. डिसेंबर २००६ मध्ये नोएडातल्या निठारीत मुलांचे अवशेष सापडले, तेव्हा आईबापांनी कपडे आणि चपला ओळखल्या. डीएनए तपासणी मागाहून झाली. डीएनए जुळवायला समोर कुणाचे तरी रक्त लागते आणि ते कुटुंब आधी सापडावे लागते. ते शोधण्याचे काम कपडा करतो.

८. बेपत्ताच्या तक्रारीतही कपडे नीट लिहा

एका टोकाला ‘निळा शर्ट’ आणि दुसऱ्या टोकाला ‘फिकट रंगाचा शर्ट’ अशा नोंदी असतील तर कुठलेही संगणकीय जाळे त्यांची गाठ घालू शकणार नाही. पोलिसांच्या सीसीटीएनएस प्रणालीत बेपत्ता व्यक्ती आणि अनोळखी मृतदेह या दोन्हींच्या नोंदी होतात. शब्द सारखे असले तरच त्या एकमेकींना भेटतील. अमेरिकेतल्या नॅमअस या सार्वजनिक नोंदणीत कपडे व वस्तूंसाठी स्वतंत्र रकाना आहे. आपल्या तक्रार अर्जालाही तसा एक पुरवणी कागद जोडावा.

तक्रार घेताना चार प्रश्न वाढवावेत. जाताना अंगात काय होते? कुठे घेतले किंवा शिवले? काही दुरुस्ती केली होती का? तोच कपडा घातलेला फोटो कुणाच्या मोबाइलमध्ये आहे का? आणि एक पाचवा: त्याच कापडाचे काही घरात आहे का? ब्लाउज शिवून उरलेला तुकडा, भावाला त्याच थानातून शिवलेला शर्ट, पायजम्याच्या जोडीचा सदरा. असा तुकडा समोर ठेवून केलेली तुलना आठवणीपेक्षा भरवशाची असते.

९. कपडे जपा

शवविच्छेदनाच्या वेळी कपडे कापायचेच झाले, तर छिद्रे, डाग आणि शिवणी टाळून कापावेत. ओले कपडे सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवावेत. प्लास्टिकच्या पिशवीत बुरशी धरते आणि लेबलही जाते. मोजपट्टी शेजारी ठेवून पुढून, मागून, आतून आणि लेबलाचा जवळून असे फोटो काढावेत. देहाचे अंत्यसंस्कार झाले तरी पाकीट राहिले पाहिजे, त्यावर अकस्मात मृत्यूचा नोंद क्रमांक हवा. सहा महिन्यांनी तेलंगणातून भाऊ शोधत आला, तर त्याला दाखवायला काहीतरी शिल्लक हवे.

१०. चेहऱ्याऐवजी कपडा दाखवा

आज अनोळखी मृताचा सुजलेला, फुटलेला चेहरा व्हॉट्सॲपच्या गटांतून फिरतो. त्याने ओळख क्वचितच पटते, विटंबना मात्र हमखास होते. स्वच्छ कापडावर पसरलेल्या शर्टाचा फोटो स्टँडवर लावता येतो, वर्तमानपत्रात छापता येतो, लहान मुलांसमोर आला तरी चालतो. मराठीसोबत कन्नड आणि तेलुगूत दोन ओळी लिहिल्या तर तो कलबुर्गी आणि विजयपूरपर्यंत उपयोगी पडेल.

इथे एक पथ्य पाळावे: सगळ्या खुणा जाहीर करू नयेत. एखादी दुरुस्ती किंवा गाठ राखून ठेवावी. ‘माझाच माणूस’ म्हणणाऱ्याने न विचारता ती सांगितली तर दाव्याला वजन येते, नाही सांगितली तर घाई टळते.

११. ‘पोलिसांना एवढा वेळ कुठे?’

ठाण्यांत माणसे कमी आहेत, बंदोबस्त संपत नाही, हे खरे आहे. पण ओळख न पटलेल्या मृत्यूचा पुढचा व्याप किती, तेही मोजा. शवागारातली जागा, जिल्ह्याजिल्ह्यांत पाठवायची पत्रे, अंत्यसंस्काराचा खर्च, आणि मृत्यू घातपाताचा असेल तर थांबलेला तपास. कोण मेला हेच ठाऊक नसेल तर मारेकरी शोधायचा कुठून? घरच्यांचा हिशेब वेगळा. मृत्यूचा दाखला नाही म्हणून विमा नाही, वारसनोंद नाही, विधवेचे निवृत्तिवेतन नाही. त्यापुढे अर्ध्या तासाचे काम महाग म्हणता येत नाही.

१२. नेमके काय हवे

सोलापूर शहर पोलीस आयुक्तालय, ग्रामीण पोलीस आणि लोहमार्ग पोलीस यांनी मिळून कपड्यांसाठी एकच पानभर नमुना ठरवावा. प्रत्येक ठाण्याने कापड जाणणाऱ्या पंचांची यादी करावी, त्यांत बायका असाव्यात आणि त्यांना येण्याजाण्याचा भत्ता मिळावा. सिव्हिलच्या शवविच्छेदनगृहात कागदी पाकिटे, मोजपट्टी आणि कपडे वाळवायला दोरी असावी. यंत्रमागधारक आणि गणवेश उत्पादकांच्या संघटनांनी लेबल ओळखायला एकेक संपर्क माणूस द्यावा. पेपरवाल्यांनी ‘निळा शर्ट’ एवढेच लिहिलेले निवेदन आले, तर छापण्यापूर्वी ठाण्याला फोन करून लेबल कुठले, हे विचारावे.

यासाठी नवा कायदा, नवी इमारत किंवा नवे पद लागत नाही. पोलीस आयुक्त आणि अधीक्षकांचे एक परिपत्रक पुरे. ते या महिन्यात निघावे आणि वर्षभरात किती ओळखी कपड्यांवरून पटल्या, याचा आकडा त्यांनी शहराला जाहीरपणे सांगावा.