१९-१४ ने पुढे असलेल्या पोरी हरतात कशा?

शालेय स्पर्धांचा हंगाम आला की तालुक्याच्या मैदानावर एक गोष्ट हमखास बघायला मिळते. मुलींचा व्हॉलीबॉलचा सामना रंगलेला असतो. एक संघ १९-१४ ने पुढे. मग एक सर्व्हिस जाळ्यात जाते, पुढचा पास हुकतो, दोघींच्या मधे बॉल पडतो आणि दोघी एकमेकींकडे बघत राहतात. बघता बघता १९-२०, आणि सेट जातो. बाहेर उभे असलेले म्हणतात, "पोरींच्यात दमच नाही."

दम नाही म्हणावं, तर त्याच पोरी पाच मिनिटांपूर्वी छान खेळत होत्या. हात तेच, उंची तीच. मधल्या पाच मिनिटांत काय बदललं हे बघायला पाहिजे, कारण तालुक्याला एक सेट गेला की त्याच्या मागे बरंच जातं. जिल्हा, विभाग, राज्य या पायऱ्या इथूनच सुरू होतात. वर पोहोचलेल्यांना दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात, सरकारी नोकरीत पात्र खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. मुलगा हरला तर पुढच्या वर्षी पुन्हा खेळतो. मुलीला मात्र घरी ऐकावं लागतं, "झालं ना खेळून? आता बस कर." तिचं पुढचं वर्ष नक्की नसतं, आणि हे तिला सर्व्हिसला उभी राहतानाही माहीत असतं.

जुन्या खेळाडूंना आठवत असेल, पूर्वी सेट १५ चा असायचा आणि सर्व्हिस आपल्याकडे असेल तरच गुण मिळायचा. सर्व्हिस जाळ्यात गेली तर फक्त सर्व्हिस जायची. नव्वदच्या दशकाच्या शेवटी नियम बदलला. आता सेट २५ चा, आणि प्रत्येक बॉलला कुणाला तरी गुण. म्हणजे प्रत्येक चूक थेट फळ्यावर लागते. समोरचा संघ हुशार असेल तर जिचा पास हुकला तिच्याच अंगावर पुढची सर्व्हिस मारतो. शिवाय या खेळात बॉल मेला की थोडं थांबावं लागतं. कबड्डीत, खो-खोत पळापळीत डोक्याला सवड नसते. इथे त्या थांबण्यात विचार सुरू होतात: सर काय म्हणतील, बाहेरची पोरं हसली का, माझ्यामुळे हरलो तर?

विचार डोक्यात, पण परिणाम अंगात. खांदा आखडतो, श्वास वरच्या वर चालतो, नजर बॉलवरून उठून सरांकडे जाते. व्हॉलीबॉलमध्ये बॉल धरता येत नाही, क्षणात उडवायचा असतो. आखडलेल्या हाताने तो कुठेही जातो.

हे फक्त आपल्या पोरींचं नाही. इटलीच्या महिला संघात जगातल्या नामांकित खेळाडू होत्या, तरी २०२४ पर्यंत ऑलिम्पिकमध्ये त्या उपांत्यपूर्व फेरीच्या पुढे कधी गेल्या नव्हत्या. पॅरिस ऑलिम्पिकच्या आधी हुलिओ वेलास्को हे मूळचे अर्जेंटिनाचे, सत्तरी ओलांडलेले प्रशिक्षक त्यांना मिळाले. त्यांनी संघाला एकच गोष्ट धरायला लावली: इथे आणि आत्ता. गेलेला गुण गेला, पदक अजून लांब आहे, आपला फक्त समोरचा बॉल. ११ ऑगस्ट २०२४ ला त्यांनी अंतिम सामन्यात अमेरिकेला ३-० ने हरवून सुवर्ण घेतलं. नुसत्या मंत्राने सुवर्ण मिळत नाही, खेळ तगडा होताच. याच वेलास्कोंचं सबबींबद्दलचं जुनं बोलणं प्रसिद्ध आहे. स्मॅश मारणारा म्हणतो सेट नीट आला नाही, सेटर म्हणतो पास नीट आला नाही, आणि पास देणाऱ्याला दोष द्यायला कुणी उरत नाही, मग तो म्हणतो उजेड डोळ्यावर येतो. आपल्या मैदानावर हे ओळखीचं वाटेल.

मन शांत ठेवणं हे बॉल मारण्यासारखंच शिकता येतं, सरावाने. पंचांची शिट्टी झाली की सर्व्हिसला ८ सेकंद मिळतात. बहुतेक मुली दुसऱ्याच सेकंदाला घाईने मारून मोकळ्या होतात. त्याऐवजी ठरवून घ्यावं: बॉल दोनदा आपटायचा, श्वास लांब सोडायचा, सर्व्हिस कुठे टाकायची ती जागा बघायची, मग मारायची. सरावात रोज तेच, सामन्यातही तेच. चूक झाली की सहाही जणींनी जवळ येऊन हात लावायचा. बॉल येताना "माझा" असं मोठ्याने ओरडायचं. आपल्याकडे मुलींना लहानपणापासून हळू बोलायला शिकवतात, त्यामुळे हे ओरडणंच सगळ्यात अवघड जातं. आणि सरावात कधीकधी सेट ० पासून नको, १९-१९ पासूनच सुरू करावा. यातल्या कशालाही पैसे लागत नाहीत.

क्रीडाशिक्षकांनाही सांगायला हवं. टाइम आउट ३० सेकंदांचा असतो. त्यात सहा जणींना सहा चुका ऐकवल्या तर एकही डोक्यात राहत नाही. एक सूचना पुरे. चूक झाली की लगेच पोरीला बाहेर काढणं तर सगळ्यात वाईट. मग उरलेल्या पाच जणी बॉलपेक्षा स्वतःच्या जागेची काळजी करत खेळतात. मोटार बंद पडली की आपण तिला शिव्या देतो खऱ्या, पण फ्यूजही बघतो ना? इथे फ्यूज कुणी बघतच नाही.

आता आपलं, म्हणजे बघणाऱ्यांचं. पोरगी पडली, चुकली की मोबाईलवर व्हिडिओ काढून गावाच्या ग्रुपवर टाकणारे आपल्यातलेच असतात. गंमत म्हणून टाकतात. त्या पोरीची पुढची सर्व्हिस त्या व्हिडिओच्या भीतीने जाते. एका स्पर्धेत मैदानावरच्या बाथरूमला दिवसभर कुलूप होतं, मुलींनी सकाळपासून पाणी प्यायलं नव्हतं. तिथे मन खंबीर करा असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

सगळं मनावर ढकलूनही चालणार नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० पैकी ५९ मुलींमध्ये रक्ताची कमतरता आढळली. तिसऱ्या सेटला पाय गळतात ते भीतीने की रक्त कमी म्हणून, हे बाहेरून कळत नाही. तपासणी आरोग्य केंद्रात होते, ती स्पर्धेच्या आधी करून घ्यावी.

आणि पुढच्या सामन्याला जाताना मोबाईलबरोबर एक वही न्या. प्रत्येक सेटमध्ये १८ गुणांच्या आधी किती सर्व्हिस चुकल्या, नंतर किती, एवढंच लिहा. पाच-सहा सामन्यांचं लिहून सरांना दाखवा. चुका नंतरच वाढत असतील तर वर सांगितलेला सराव करायचा. पहिल्यापासून सारख्याच असतील तर मन वगैरे राहू द्या, सर्व्हिसच नीट शिकवायची राहिलीय.