बंद संगणक : भंगार की प्रयोगशाळा?

कळ दाबली, पंखे घुमले, दोन-तीनदा 'बीप' असा आवाज झाला आणि पडदा मात्र काळाच राहिला! जुन्या संगणकाचा हा अनुभव अनेक शाळांना येतो. मग 'हा गेला' म्हणून त्यावर कापड पडते आणि पुढे तो भंगारात जातो. माझे मत असे, की त्यापूर्वी तो महिनाभर विद्यार्थ्यांच्या हाती द्यावा. एखादा जुना सर्व्हर, म्हणजे अनेक संगणकांना माहिती पुरवणारा मोठा संगणक मिळाला, तर फारच उत्तम.

असे का, ते पाहू. सुरू होताना संगणक प्रथम स्वतःचीच तपासणी करतो. त्याच्या मुख्य पट्टावरील एका चिपमध्ये 'बायॉस' नावाची आज्ञावली कायमची साठवलेली असते. ती मेमरी, कळफलक, पडदा यांची हजेरी घेते. पडदा उजळण्यापूर्वीच दोष आढळला, तर तो कळवायचा कसा? म्हणून बीपचा संकेत. किती बीप म्हणजे कोणता दोष, हे त्या-त्या उत्पादकाच्या पुस्तिकेत असते; एकाचा संकेत दुसऱ्याला लागू पडत नाही. सर्व्हर तर याहून बोलका. पंख्यांचा वेग, तापमान आणि व्होल्टता मोजून तो दोषांची नोंदही ठेवतो.

आता दोषांमागचे पदार्थविज्ञान पाहा. वणीजवळच्या राजूरला कोळशाच्या खाणी आणि चुन्याच्या भट्ट्या. त्यात विदर्भाचा उन्हाळा. धुळीचा थर उष्णतेचा दुर्वाहक, म्हणून आतले भाग तापतात. विद्युत्-अपघटनी धारित्रांचे आयुष्य तापमान दर १० अंश सेल्सिअसने वाढले की साधारण निम्मे होते. फुगलेले धारित्र डोळ्यांनाही दिसते. मेमरीच्या पट्टीच्या टोकांवर मळ बसला, की तेथील रोध वाढतो. पट्टी काढून, कोरड्या कापडाने पुसून पुन्हा नीट बसवली, तरी पुष्कळदा काम भागते. घड्याळ दर वेळी मागच्या तारखेवर जात असेल, तर ३ व्होल्टचा बटणाएवढा सेल संपला, असे समजावे.

मात्र एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहावा. समजा, मेमरीच्या ८ पट्ट्यांपैकी एक सदोष आहे. पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांत चारच बसवून पाहा, मग संशयित चारांतल्या दोन, मग एक. तीन खेपांत चोर सापडतो! तर्काने शोध घेणे म्हणतात ते हेच.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली बनलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. त्यात सुमारे २७०० व्हॉल्व्ह होते. एवढ्यांतून बिघडलेला एक हुडकायचा, तर यंत्र आतून ओळखावेच लागे. आपल्या मुलांची संगणकाशी अशी ओळख कधी व्हायची?

काही शिक्षक म्हणतील, यात धोका आहे. खरे आहे. म्हणून काही नियम पाळलेच पाहिजेत. शिक्षक समोर हवेत. वायर भिंतीतून काढल्याशिवाय झाकण उघडू नये. वीजपुरवठ्याची पेटी तर कधीच उघडू नये. वीज तोडल्यावरही तिच्यातील धारित्रांत धोकादायक भार राहू शकतो. अंगावरील स्थिर विद्युत् जावी म्हणून आधी धातूच्या सांगाड्याला स्पर्श करावा. शाळेची माहिती असलेली डिस्क प्रथम काढून कार्यालयात द्यावी.

दुसरा आक्षेप असा, की एवढे करूनही यंत्र सुरू होईलच असे नाही. न होवो! ते मग अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्यावे. जाळू नये, कारण जुन्या सांधणीत शिसे असते. परंतु वहीतील नोंदी वाया जात नाहीत. लहान गावात यंत्र बंद पडले, की शहरातल्या कारागिराची वाट पाहत वर्ग थांबतो. ही वाट पाहणे ज्यांना संपवायचे आहे, त्या मुलामुलींना कळ दाबण्याबरोबर झाकण उघडण्याचीही संधी मिळायला हवी. तुमच्या शाळेतील त्या कापडाखाली काय आहे, ते उद्याच सरांना विचारा.