जुन्या वहीवरचे नवे सरकार

15 ऑगस्ट 1947 रोजी दिल्लीत नेहरूंच्या मंत्रिमंडळाने शपथ घेतली, तेव्हा आमच्या कोल्हापुरात कारभार संस्थानाचाच होता. 1 मार्च 1949 रोजी विलीनीकरण झाले आणि आम्ही मुंबई राज्यात आलो.

दिल्लीतही सगळे नवे कुठे होते? राज्यघटना येईपर्यंत, म्हणजे 26 जानेवारी 1950 पर्यंत, राज्य चालले ते इंग्रजांच्या 1935 च्या कायद्यात डागडुजी करून. मंत्रिमंडळात मात्र काँग्रेसशी वर्षानुवर्षे भांडलेले डॉ. आंबेडकर कायदामंत्री होते. हे शहाणपण पुढच्या किती सरकारांना सुचले?

बँकेत नोकरी केल्याने असेल, मला त्या काळातल्या भाषणांपेक्षा फाळणीचा हिशेब अधिक बोलका वाटतो. रोख शिलकीतून पाकिस्तानच्या वाट्याला 75 कोटी रुपये ठरले. 20 कोटी आधीच दिले होते. काश्मीरमध्ये लढाई चालू असल्याने उरलेले 55 कोटी सरकारने अडवले. शत्रूच्या हाती पैसा का द्यायचा, हा सवाल बिनतोडच होता. पण करारावर सही आपली होती. 13 जानेवारी 1948 रोजी गांधीजींचे उपोषण सुरू झाले आणि 15 तारखेला सरकारने रक्कम देण्याचे जाहीर केले. अनेकांना ती दुबळेपणाची खूण वाटली, आजही वाटते. मला मात्र त्या दिवशी हे सरकार पतीला उतरले असे वाटते.

30 जानेवारीला गांधीजींचा खून झाला. त्यानंतरच्या जाळपोळीत कोल्हापुरातली घरेही जळाली.