रात्री ओरडतंय ते सगळं बिबट्या नसतं



या आठवड्यात आमच्या फीडरला रात्रीची लाईट आहे. म्हणजे निम्मं शिवार दिवसा झोपलेलं आणि रात्री बॅटरी घेऊन उसात नाहीतर कांद्यात दारं धरायला. रात्रीची लाईट आली की गावच्या ग्रुपवर मेसेजही सुरू होतात. "ओढ्याकडनं आवाज आला, बिबट्या आहे, कोणी जाऊ नका." खाली कोणीतरी दहा सेकंदांची रेकॉर्डिंग टाकतो. परवाची रेकॉर्डिंग मी तीन वेळा ऐकली. गव्हाणी घुबडाची चिरकी होती ती. आदल्या दिवशीची तर दोन बोक्यांच्या भांडणाची.

आता यावर कोणी म्हणेल, सावध केलं तर बिघडलं काय? बिघडतं. आम्ही शिरूर तालुक्यातले. शिरूर, जुन्नर, आंबेगाव हा पट्टा कसा आहे ते सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. बिबट्या इथं उसात राहतो, उसात पिल्लं घालतो. माणसं गेलीत, लहान पोरं गेलीत. म्हणूनच दहा खोट्या मेसेजनंतर अकरावा खरा मेसेज कोणी वाचत नाही, हे मला जास्त भीतीचं वाटतं.

माझं मत सरळ आहे. विहिरीवरच्या मोटारीचा आवाज ऐकून ती पाणी ओढतेय का हवा, एक फेज गेलाय का, हे आपण घरात पडल्या पडल्या सांगतो. तोच कान रात्रीच्या जनावरांना लावला पाहिजे. ज्याला रात्री शेतात जावं लागतं त्याच्यासाठी हे खत-पाण्याइतकंच कामाचं ज्ञान आहे, आणि ते आपण हातानं घालवत चाललोय.

घुबडांपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त घोटाळा तिथंच होतो. "घुबड घुमतं" असं आपण म्हणतो, पण सगळी घुबडं घुमत नाहीत.

गावाजवळ, वस्तीजवळ सगळ्यात जास्त असतो तो पिंगळा. मुठीएवढा, राखाडी-तपकिरी अंगावर पांढरे ठिपके, पिवळे डोळे. दिवस मावळताना आणि पहाटे जोडीनं कलकलाट करतो. चिरूर चिरूर चिरूर, मध्येच चिवाक चिवाक, जसं काही दोन भावांचं बांधावरनं जुंपलंय. घुमणं याच्या गावीही नाही. खातो काय? भुंगे, पतंग, टोळ, पाली, उंदराची पिल्लं. पहाटे दारात कंदील घेऊन येणारा पिंगळा जुन्या माणसांना आठवत असेल. त्याला या पक्ष्याची भाषा कळते अशी समजूत होती. मला त्यात एक गोष्ट पटते, की आपल्या लोकांचा कान पूर्वी या पक्ष्याकडे होता. तो डावीकडून बोलला की उजवीकडून, यावरून उद्याचं भविष्य काढणं मात्र मला कधी पटलं नाही.

दुसरं गव्हाणी घुबड. बदामासारखा पांढरा चेहरा, खालून पांढरं, वरून सोनेरी. हे तर अजिबात घुमत नाही. उडता उडता चिरकतं, जुनं मांजरपाट कापड टर्रकन फाडल्यासारखं. आणि याच्या पिल्लांचा आवाज म्हणजे भुताच्या निम्म्या गोष्टींचा कारखाना. पडक्या वाड्यात किंवा झाडाच्या ढोलीत ती भुकेली पिल्लं रात्रभर फुस्स फुस्स, घर्र घर्र करतात. कोणीतरी म्हातारं माणूस घोरतंय असंच वाटतं. अशा वाड्यात कोणी राहत नाही म्हणून तर घुबड राहतं, पण आपण ते उलटं सांगतो.

तिसरं शृंगी घुबड, डोक्यावर शिंगांसारखे दोन तुरे असलेलं. खरं घुमणारं हे. बू-हूऽऽ, पहिला सूर आखूड, दुसरा लांबलेला, भरदार. ओढ्याच्या कड्याकपारीत, दगडखाणीत, ओघळीच्या काठाला असतं. हिवाळ्यात याचा आवाज खूप लांबवर जातो. अंडी झाडावर न घालता कपारीत, उघड्या जमिनीवरच घालतं. म्हणून पोकलेन लावून ओढ्याचे काठ सरळ करतो तेव्हा त्याचं घर जातं, आपल्याला कळतही नाही.

घुबडाव्यतिरिक्त रात्री बोलणारे बरेच आहेत. कॅरमची सोंगटी फरशीवर टाकली की टक… टक.. टक. टक-टर्र अशी थांबत जाते ना, तसा आवाज पडीक रानातून आला तर तो रातवा. गाडीवाटेवर बॅटरी मारली की लाल निखाऱ्यासारखे डोळे चमकतात आणि जवळ गेलं की पायातून भुर्रकन उडतो तो हाच. माळावरून उंच, शिट्टीसारखी, चढत जाणारी हाक आली की करवानक. मे महिन्यात मध्यरात्री "पेरते व्हा, पेरते व्हा" ऐकून दचकू नका, पावशा रात्रीही ओरडतो. कोल्हेकुई सगळ्यांना माहीत आहे. एकानं सुरू केलं की दुसऱ्या टेकडीवरनं उत्तर येतं. आणि एक गैरसमज काढून टाका: आपला तरस हसत नाही. हसणारा तो आफ्रिकेतला ठिपक्यांचा. आपला पट्टेवाला बहुतेक वेळ गप्प असतो, मेलेली जनावरं साफ करतो आणि निघून जातो.

आता बिबट्या. तो ओरडतो तेव्हा आवाज डरकाळीसारखा नसतो. हातकरवतीनं ओंडका कापावा तसा, घर्र-खर्र, घर्र-खर्र, एका लयीत दहा-बारा वेळा. ग्रुपवर फिरणाऱ्या डरकाळ्या बहुतेक कुठल्यातरी पिक्चरमधल्या सिंहाच्या असतात. पण खरी गोष्ट अशी की शिकारीला निघालेला बिबट्या बोलतच नाही. त्याची खबर दुसरेच देतात. ही खबर ऐकायला शिकणं हाच सगळा मुद्दा आहे.

टिटवी घ्या. "टिटवी ओरडली, वाईट झालं" म्हणून आपण तिला दगड मारतो. अहो, ती फुकटची राखणदार आहे. तिची अंडी उघड्या ढेकळात असतात, त्यामुळे जमिनीवरनं काही चाललं की ती उठते. माणूस, कुत्रं, साप, कोणासाठीही उठते, म्हणून एका टिटवीवरून निष्कर्ष काढायचा नाही. पण टिटवी आधी विहिरीपाशी ओरडली, मग पाटाजवळ, मग उसाच्या कडेला, तर काहीतरी त्या रेषेत चालत येतंय. तेवढ्यात झाडावर बसलेला मोर रात्रीच कर्कश ओरडला आणि वस्तीवरची कुत्री भुंकता भुंकता मागं सरकून दारात आली, तर मी त्या बाजूचं दारं सोडून देतो. पाणी वाहू दे वाटेल तिकडं. एक बारं जास्त भिजलं म्हणून ऊस मरत नाही.

रातकिड्यांचंही तसंच. किरकिरणारा तो नर असतो, पंखावर पंख घासतो. जवळून पाऊल गेलं की गप्प होतो. चारी बाजूंनी किरकिर चालू आहे आणि एकाच कोपऱ्यात शांतता आहे, तर तिकडं बॅटरी मारून बघा. बहुतेक वेळा उदमांजर नाहीतर साप निघतो. पण बघायची सवय चांगली.

हे सगळं कानात हेडफोन घालून दारं धरणाऱ्याला ऐकू येणार नाही, हे पोरांना सांगून मी थकलो. गाणी लावायचीच तर फोनच्या स्पीकरवर लावा. माणूस आहे हे जनावराला लांबूनच कळतं आणि तुमचे कान मोकळे राहतात. जोडीनं जा, उसाच्या कडेला वाकून किंवा बसून राहू नका. बिबट्या खरंच दिसला तर ग्रुपच्या आधी वनखात्याचा १९२६ नंबर लावा. आणि हो, शेतीला दिवसा लाईट मिळाली तर निम्मी भीती जाईल, ही मागणी आपण सोडायची नाही. सौर फीडरचं काम जिथं पूर्ण झालंय तिथले लोक दिवसा पाणी देतात. आमचा नंबर लागेपर्यंत मात्र कानावरच भिस्त आहे.

मोबाईलवर मर्लिन नावाचं एक ॲप आहे, पक्ष्याचा आवाज ऐकून नाव सुचवतं. नवशिक्याला बरं आहे. पण ते पक्ष्यांपुरतंच, आणि मोटारीच्या घरघरीत त्याचाही गोंधळ होतो. मी पोरांना सांगतो, आधी स्वतः नाव सांगा, मग ॲप बघा. घरट्याजवळ रेकॉर्डिंग वाजवून पक्ष्याला बोलावू मात्र नका. त्याला वाटतं दुसरा नर घुसलाय, आणि तो पिल्लं सोडून भांडायला येतो.

आवाजाची किंमत काय असते ते नंदुरबारकडच्या लोकांना विचारा. वन पिंगळा नावाचा पक्षी १८८४ नंतर कोणाला खात्रीनं दिसलाच नव्हता. संपला असंच धरून चालले होते. १९९७ साली शहाद्याजवळच्या जंगलात अमेरिकी अभ्यासकांना तो पुन्हा दिसला. त्याची हाक माहीत झाल्यावर ती ऐकत ऐकत लोकांनी तो मेळघाटात आणि पुढं मुंबईजवळच्या तानसाच्या जंगलातही शोधला.

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते. आमच्या सामाईक बांधावर आजोबांच्याही आधीची चिंच आहे. तिच्या ढोलीत गव्हाणी घुबडाची जोडी आहे आणि सध्या पिल्लंही आहेत, रात्री नऊनंतर घोरणं चालू होतं. आमचे थोरले चुलते दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेत. घरातल्या बायामाणसांनी ठरवून टाकलंय की घुबड त्यांना बोलावतंय, चिंच तोडायची. काकूंना मी काय बोलणार? रात्रभर उशाशी बसलेल्या माणसाला तो आवाज कसा लागत असेल ते मला कळतं. आजारी घरात रात्री कोणीतरी जागं असतं, म्हणून त्याच घराला घुबड ऐकू येतं. बाकीची भावकी झोपलेली असते, हे मी हळू आवाजात एकदा सांगून बघितलं. काकू म्हणाल्या, "तुला काय जातंय सांगायला." तेही खरंच आहे.

पण चिंच तुटली तर काय जातं ते हिशेबानं मांडायला हवं. गव्हाणी घुबडाचे दोन कान डोक्याच्या दोन बाजूंना एकसारख्या उंचीवर नसतात, एक वर, एक खाली. त्यामुळं गच्च अंधारात, नुसत्या खुडबुडीवरून ते उंदीर नेमका उचलतं. पंखांच्या कडेला कंगव्यासारखी झालर असते, म्हणून उडताना आवाज येत नाही. उंदीर अख्खा गिळतं आणि न पचलेले केस-हाडं गोळी करून ओकून टाकतं. त्या काळसर गोळ्या चिंचेखाली पडलेल्या असतात. पाण्यात भिजवून काडीनं सोडवल्या की कवट्या, जबडे, पिवळे दात मोजता येतात. एका गोळीत दोन-तीन कवट्या सहज निघतात. शेजारच्या उसात उंदीर कांड्या पोखरतो, बांधात बिळं पाडतो, पाटाचं पाणी तिकडंच मुरतं. त्यासाठी आपण औषधाच्या वड्या आणतो. त्यातलं ब्रोमाडिओलोन खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, दोन-चार दिवस सुस्त फिरतो, तोच घुबडाला सोपा सापडतो आणि विष घुबडाच्याही पोटात जातं. म्हणजे पैसे देऊन राखणदार मारायचा. त्यापेक्षा शेतात टी आकाराचे पक्षीथांबे उभे करा. दिवसा कोतवाल आणि मैना बसतात, रात्री पिंगळा आणि गव्हाणी.

आणि ज्या लक्ष्मीची आपण दिवाळीत पूजा करतो तिचं वाहन घुबड. त्याच दिवाळीच्या आसपास काळ्या जादूसाठी घुबडं पकडणारेही फिरतात. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं ते गुन्हा आहे. शिवारात कोणी अनोळखी माणूस जाळं-पिंजरा घेऊन ढोल्या बघत हिंडताना दिसला तर तोही १९२६ लाच कळवायचा विषय. उलट बाजूही आहे. आमच्याच जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरी गावात २०१८ साली घुबडांचा महोत्सव भरला, शाळेच्या पोरांसकट सगळे आले. घुबड अशुभ मानायचं की नाही हे गाव बसून ठरवू शकतं, एवढं त्यावरून दिसतं.

येत्या रविवारी चिंचेसाठी भावकी बसणार आहे. माझं म्हणणं एवढंच असेल की पिल्लं उडेपर्यंत कुऱ्हाड लावू नका, आणि तोवर चुलत्यांची खाट ओसरीवरून आतल्या खोलीत घेऊ, तिथं आवाज कमी येतो. महिनाभराच्या गोळ्या मी पोत्यावर वाळवून ठेवल्यात. काल संध्याकाळपर्यंत एकशे चार कवट्या मोजून झाल्या, अजून निम्मी पिशवी बाकी आहे. सगळ्या घेऊन जाणार आहे.

तुमच्याकडे या पक्ष्यांना काय म्हणतात ते खाली लिहा. रातव्याचं तुमच्या भागातलं नाव मला विशेष करून हवंय.