कुडाची भिंत मागास नाही



‘डहाणू-तलासरीतील कुडाची घरे पाडून सगळीकडे स्लॅबची घरकुले बांधा’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला मला अजिबात पटला नाही. नोव्हेंबर २०१८पासून धुंदलवाडी, हळदपाडा भागाला भूकंपाचे धक्के बसू लागले. अशा जमिनीवर भिंतीचे वजन हाच कळीचा प्रश्न असतो. १९९३च्या भूकंपात किल्लारीत माणसे गाडली गेली ती दगड-मातीच्या जाड, जड भिंतींखाली. कारवीचा शेणामातीने लिंपलेला कूड हलका आणि लवचीक. हादऱ्यात तो डुलतो. जोत्याशी आणि दारे-खिडक्यांवर सळयांचा पट्टा नसलेली विटांची भिंत मात्र तडकते.

शिवाय उन्हाळ्यात तापलेला स्लॅब रात्रभर उष्णता सोडतो, पंखा थांबत नाही. कौलांच्या फटींतून गरम हवा निघून जाते.

कुडाला वाळवी लागते, पावसाच्या माऱ्याने लिंपण धुपते, हे खरेच. त्यासाठी उंच दगडी जोते, रुंद वळचण आणि बोरिक-बोरॅक्सच्या द्रावणात मुरवलेला बांबू हे उपाय आहेत. हादऱ्यात घसरू नयेत म्हणून कौले मात्र घट्ट बांधलेलीच हवीत. घरकुलाचा हप्ता देण्याआधी ग्रामपंचायतीने अशा कुडाच्या घराचा आराखडाही लाभार्थ्यापुढे ठेवावा, ही माझी कळकळीची मागणी आहे.

– एक वाचक, कासा (ता. डहाणू)